जळक्या शेडखालची पहिली बंडी

समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या गावात जागृतीला 'नटबोल्टची डॉक्टर' म्हणतात. हे कौतुकानं म्हणतात असा कुणाचा समज असेल, तर त्यानं एकदा तिच्यासोबत एसटीच्या थांब्यापासून तिच्या घरापर्यंत चालून बघावं. पानठेल्यावरचा एखादा हमखास विचारणार, "काय डॉक्टरीनबाई, माह्या सायकलचा नट ढिल्ला झाला, गोळी द्या ना!" आणि बाकीचे खो खो हसणार. जागृतीही काही कमी नाही. ती थांबून म्हणते, "सायकलचा नाही, तुझ्या डोक्याचा ढिला झालाय, त्याला औषध नाही." मग हसणारे त्याच्यावर हसतात. पण ती पुढं गेली की तिच्यावर हसतात, हे तिलाही ठाऊक आहे.

बाई तापट. वर्ध्याजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, पिपरी मेघेत दोन खोल्या घेऊन एकटी राहते. पोरं तिला टरकून असतात आणि सहकारी तिच्याशी चहापुरतं बोलतात. तिनं पीएचडी केली ती आगीत सापडलेल्या लोखंडी सांध्यांवर. म्हणजे असं, की मोठ्या शेडचा खांब आणि आडवी तुळई जिथं पोलादी पट्टी लावून बोल्टांनी जोडतात, तो सांधा आग लागल्यावर काय करतो. खरा सांधा जाळून बघायला भट्टी लागते, ती काही कॉलेजात नव्हती. म्हणून तो सांधा संगणकात उभा करायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ताप द्यायचा आणि कोणता बोल्ट किती ताणला जातो ते बघायचं. हा विषय तिनं काही ध्येयबिय म्हणून घेतला नाही. गाइडकडं तेवढं एकच सॉफ्टवेअर होतं. पण एकदा हातात घेतल्यावर तिनं तो सोडला नाही, कारण सोडणं तिच्या स्वभावात नाही. हाच तिचा गुण आणि हीच तिची खोड.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, हंगाम उतरणीला लागलेला असताना, गावाजवळच्या बबनरावांच्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जीनला, आग लागली. कापसाची मोठी गंजी शेडच्या कडेला खांबांना टेकून रचलेली होती, तीच पेटली. अग्निशमनची गाडी आली, पाणी मारून गेली. माणूस दगावला नाही. शेडचे पत्रे गेले, पण खांब-तुळया उभ्या राहिल्या. बबनरावांनी पावसाळ्यात नवे पत्रे चढवले, सगळ्या सांगाड्याला निळा रंग फासला, आणि जुने बोल्ट पान्यानं कचकचून आवळून घेतले. आता एवढ्यात हंगाम सुरू व्हायचा. पण विमावाले आणि बँकवाले म्हणाले, इंजिनिअरचा दाखला आणा. बबनराव गाडी घेऊन थेट पिपरी मेघेत आले.

"आपल्या गावची लेक असताना बाहेरचा इंजिनिअर काऊन पाहाचा?" असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढून घेतली. याच बबनरावांनी जागृती बारावीला असताना तिच्या बापाला सांगितलं होतं, की पोरीला एवढं शिकवून काय कलेक्टर करतोस. जागृतीला ते तोंडपाठ होतं. तरी तिनं काम घेतलं. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. इतकी वर्षं ती पडद्यावरचे सांधे जाळत होती, आज कुणीतरी खरा जळलेला सांधा घेऊन दारात आलं होतं.

तिनं जाऊन मापं घेतली, बोल्टांच्या डोक्यावरचे आकडे वाचले, सांधा संगणकात उभा केला. आगीचा जो ठरीव चढता आलेख पुस्तकात असतो, तो दिला. सांधा टिकला. घाईघाईत, आणि थोडं मोठेपणाच्या हौसेनंही, तिनं बबनरावांना फोनवर सांगून टाकलं, "सांधे तगलेत असं दिसतंय. लेखी नंतर देते."

बबनरावांनी ते लेखी यायच्या आत गावभर केलं.

आणि पुढच्या रविवारी जागृती गावी आली असताना आई भागीरथा कापसाच्या गाठोड्याकडं बघून सहज म्हणाली, "त्या जीनची गंजी तं किती दिवस धुपत होती व माय. गाडी पानी मारून गेली, पन आतून धुपतच होती. वास येत जाय इथपावतर."

जागृतीचा घास हातातच राहिला. कापूसवाल्याच्या घरात जन्मली, आणि हेच विसरली! पुस्तकातली आग लाकडाकागदाची. ती भडकते, चढत जाते, आणि आलेख तिथंच संपतो. कापूस तसा जळत नाही. वरची ज्वाळा विझली तरी गंजीच्या पोटात विस्तव राहतो, खांबांना कवटाळून हळूहळू जळत राहतो, आणि हळूहळूच निवतो. तिनं सांध्याला तापवलं होतं, पण निवू दिलंच नव्हतं. एखाद्या मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरनं ही चूक केली असती तर तिनं त्याला सोलून काढला असता.

कॉलेजात परतल्यावर तिनं तोच सांधा पुन्हा उभा केला आणि या वेळी कापसाची आग दिली. लांब ताप, आणि मग त्याहून लांब निवणं. तापताना तुळई फुगली, खांबांनी तिला फुगू दिलं नाही, म्हणून ती मऊ होऊन आतल्या आत दबली, जराशी आखूड झाली. इथवर ठीक. पण निवताना ती आखडायला लागली, मूळच्या लांबीहूनही आखूड व्हायला बघू लागली, आणि तो सगळा ओढा बोल्टांवर आला. वरच्या रांगेतले बोल्ट पडद्यावर लाल झाले. त्यात त्या बोल्टांच्या पोलादाचं पाणी, त्याचा कणखरपणा, तापात उतरलेला. वरून कितीही निळा रंग द्या, ते आता पहिले बोल्ट राहिलेले नव्हते. आज उभं आहे म्हणून उद्या उभं राहील असं नाही. थंडीत तुळई आणखी आखडेल, वाऱ्यानं हलेल, यंत्रांनी थरथरेल, आणि एक बोल्ट गेला की त्याचा भार शेजाऱ्यावर.

ती बबनरावांकडं गेली आणि सरळ म्हणाली, "मी चुकले होते. शेड धोक्याची आहे. सगळे सांधे उघडून बोल्ट बदलावे लागतील, तुळया तपासाव्या लागतील. तोवर खाली माणूस जाऊ देऊ नका."

बबनराव आधी हसले. मग हसू पुसून म्हणाले, "काल हो, आज नाई. उद्या काय म्हनशीन? संगनकात गेम खेळत बस तू. माहा हंगाम तुह्या गेमवर थांबत नसते."

दाखला त्यांनी दुसरीकडून आणला. प्रफुल नावाचा इंजिनिअर, जागृतीच्याच वर्गातला, वर्ध्यात कार्यालय थाटून बसलेला. तो आला, खांबावर हात आपटला, शेड ठणठणीत आहे असं म्हणाला आणि सही करून गेला. जागृतीनं त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, सगळी शेड उभी दिसतेय, वाक नाही, बाक नाही. तुझं ते सॉफ्टवेअर पेपर छापायला ठीक आहे." जागृती त्याला जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं आपला अहवाल तालुक्याच्या कार्यालयात दिला, जिल्ह्याच्या कार्यालयात दिला, विमावाल्यांना पाठवला. प्रत्येक ठिकाणी तिला विचारलं गेलं, की बाई, आधी तुम्हीच तगलेत म्हणाल्या होत्या ना? तिच्या एका फोनची किंमत ती अशी चुकवत होती, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होती.

पण बबनराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पोरगी गप्प बसत नाही म्हटल्यावर त्यांनी बापाला गाठलं.

आता इथली रीत सांगायला हवी. जिनिंगचा हंगाम उघडतो तो काटापूजनानं. दिवाळीच्या पाडव्याला वजनकाट्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. बाकी सगळा कापूस आता पिकअपनं येतो, पण मुहूर्ताचा मात्र बंडीनंच यायचा, रंगवलेल्या शिंगांच्या बैलांच्या बंडीनं. ती पहिली बंडी काट्यावरून शेडखाली जाते, तिथं पहिली गंजी पडते, आणि बंडीच्या धन्याला शेला-नारळ देऊन सगळ्यांसमोर मान देतात. बबनरावांच्या जीनवर हा मान ठरावीक घरांतच फिरायचा. जागृतीचा आजा एका वर्षी उजाडायच्या आधीच बंडी घेऊन फाटकावर पोचला होता, सगळ्यांच्या आधी. बबनरावांच्या वडिलांनी त्याला बंडी बाजूला लावायला लावली, मागून आलेल्याला आत घेतलं आणि त्याच्या खांद्यावर शेला टाकला. नागपूरला दीक्षा घेऊन आलेला तो माणूस भर उन्हात फाटकाबाहेर उभा राहिला, आणि बंडीत कापसावर बसलेल्या त्याच्या पोरानं, रामाजीनं, म्हणजे जागृतीच्या बापानं, ते पाहिलं. रामाजीचे केस पिकले, पण ते फाटक त्याच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

बबनराव रामाजीच्या अंगणात आले, जन्मात पहिल्यांदा 'रामा' न म्हणता 'रामाजी' म्हणाले, आणि चहा पिऊन सांगून गेले, की यंदा पहिली बंडी तुमची.

जागृती पाडव्याच्या आदल्या दिवशी घरी आली तेव्हा अंगणात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. रामाजीसाठी नवं धोतर आणलेलं होतं. भागीरथा कापूस निवडत होती, त्यातली किडकी, डागाळलेली कवडी अन् कवडी काढत होती, शेडखाली कुणी नाव ठेवायला नको म्हणून. जागृतीनं चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं.

"बाबा, ती बंडी तुम्ही नेणार नाही."

"काऊन?"

"ती शेड पडेल."

"कधी?"

हाच तर प्रश्न होता, आणि याचं उत्तर संगणकाकडंही नव्हतं. "सांगता येत नाही. उद्या पडेल, दोन महिन्यांनी पडेल."

"मंग उद्या नाई पडत," रामाजी म्हणाला आणि शिंगाला रंग लावायला लागला.

"बाबा, विळा जाळात पडला तर काय होतं? दिसायला तसाच दिसतो ना? पण त्याचं पाणी उतरतं, धार धरत नाही. तसे ते बोल्ट झालेत."

रामाजीनं ब्रश डब्यात टाकला. "मले लोहारकी नोको शिकवू. मले एक सांग. तुह्या कंपुटरले बोल्ट दिसला, तुळई दिसली. माहा मान दिसला नाई काय त्याले? माहा बाप त्या फाटकावर उभा होता. तूच म्हनली होती ना, टिकली म्हनून? तवा टिकली, अन् माहा नंबर लागल्यावर पडते? लोक काय म्हनून राह्यले माहीत हाय? बापाचं बरं पाहावत नाई पोरीले."

"लोक गेले खड्ड्यात! बबनरावांनी मला गप्प करायला तुम्हाला मान दिलाय, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

हे बोलायला नको होतं. भागीरथाचे हात थांबले. रामाजी उठला, लेकीच्या समोर आला, आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"म्हंजे माही लायकी नाई. तुह्यापायी भेटला मले. असंच ना?"

आणि तसंच होतं. त्या दिवशी बाप-लेक एका घरात जेवले आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. भागीरथा तेवढी लेकीला ताट वाढताना पुटपुटली, "खरं बोलाले बी जागा पाहाव लागते, माय." जागृतीला तिचाही राग आला.

पाडव्याला जीनच्या आवारात मंडप घातला होता. भोंग्यावर सनई. मंडपात सोफे आणि खुर्च्या, तिथं बबनराव, बाजार समितीची मंडळी, प्रफुल, गावातले पुढारी. मागं पिकअपच्या रांगा. काट्याची पूजा झाली, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. रामाजीची बंडी काट्यावरून उतरली. पांढरंशुभ्र धोतर, ताठ मान. जागृतीनं बापाला इतकं ताठ बसलेलं आजवर पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जाऊ दे, नेऊ दे बंडी. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. पडायची ती आजच कशाला पडेल?

मग तिची नजर मंडपाकडं गेली, आणि तिचं डोकं फिरलं.

दरवर्षी पाहुण्यांच्या खुर्च्या शेडखाली असतात. ऊन लागू नये म्हणून, आणि पहिली गंजी समोर पडताना दिसावी म्हणून. यंदा मंडप आवारात, शेडपासून चांगला लांब टाकला होता. शेडखाली फक्त एक पाट, त्यावर शेला आणि नारळ, आणि रिकामी जमीन.

"रामाजी, घ्या बंडी आत," बबनराव माइकवर म्हणाले.

जागृती तरातरा मंडपात शिरली. प्रफुलसमोर उभी राहिली, म्हणाली, "ऊठ." तो गडबडून उठला. तिनं त्याची खुर्ची उचलली, सगळ्यांच्या देखत चालत शेडखाली नेली, आणि वरच्या सांध्याच्या बरोबर खाली आपटून ठेवली.

"ये, बस इथं. सही तुझी आहे ना? शेला देईपर्यंत बस. बबनराव, तुमचाही सोफा आणा. दरवर्षी इथंच असता ना तुम्ही?"

भोंग्याची सनई कुणीतरी बंद केली. प्रफुल मंडपातच उभा राहिला, खिशातला मोबाइल काढून त्यात बघायला लागला. बबनरावांचा चेहरा लाल झाला. "हिले कोनी आत येऊ देलं? ए कवडू, बाहेर काढ हिले!" पण फाटकावरचा कवडू जागचा हलला नाही, त्यालाही बघायचं होतं. लोक मंडपाकडं बघत होते, आणि लोक बघताहेत हे बबनरावांना दिसत होतं.

"भेतो काय मी? घ्या, आलो!" म्हणत बबनराव सोफ्यावरून उठले. हसत, हात हलवत शेडखाली आले. खांबाला टेकून उभे राहिले, फोटोवाल्याला म्हणाले, "काढ रे फोटो." फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला.

आणि तेवढ्यात बबनरावांनी वर पाहिलं.

नुसतं पाहिलं. निळ्या रंगाच्या त्या सांध्याकडं, क्षणभर. मग खांब सोडला, "इथं लय उकडून राह्यलं बापा" असं काहीतरी म्हणत दोन पावलं बाजूला झाले, आणि तिथून आणखी दोन, आणि मग उन्हात. कार्तिकातल्या सकाळी, सावलीतून उन्हात.

रामाजीनं बैलांचे कासरे ओढून धरले होते. बंडी शेडच्या तोंडाशी उभी होती. त्याच्यापासून शेला हाकेवर होता. त्यानं शेल्याकडं पाहिलं, लांबच्या मंडपाकडं पाहिलं, उन्हात उभ्या राहिलेल्या बबनरावांकडं पाहिलं. बोलला तेव्हा आवाज चढवला नाही, पण आवार इतकं गप्प होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"बबनराव, माह्या बापाले तुमच्या बापानं फाटकाच्या बाहेर उभं केलं. आत जागा नोती म्हने. आज पहिल्या डाव आमाले आत जा म्हनून राह्यले, अन् तुमी सारे बाहेर."

त्यानं बैल वळवले. नवी रंगवलेली शिंगं गर्रकन फिरली, बंडी काट्याच्या बाजूनं फाटकाकडं निघाली. त्याच्या मागं पिकअपच्या रांगेत मधुकरराव होते, बबनरावांच्याच जातीतले, जुने मानकरी. त्यांनीही गाडी मागं घेतली. रामाजीवरच्या प्रेमानं नाही. त्यांनीही बबनरावांना वर बघताना पाहिलं होतं. मग तिसरी गाडी फिरली.

जागृती धावत बंडीच्या बाजूला आली, तिनं कासऱ्याला हात घातला.

"हात नोको लावू," रामाजी म्हणाला. "तुह्या सांगन्यानं नाई फिरलो मी."

बबनरावांची शेड बरेच दिवस रिकामी राहिली. मग एक दिवस क्रेन आली, सांधे उघडले गेले. किती बोल्ट सुखासुखी निघाले आणि किती पान्याखाली मोडून पडले हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. जागृतीचं नाव तर अजिबात निघालं नाही. प्रफुलचं कार्यालय चालूच आहे. कॉलेजात तिला बोलावून समज दिली गेली, की बाहेरच्या भानगडीत संस्थेचं नाव आणू नका. आणि पानठेल्यावर अजून तिला नटासाठी गोळी मागतात.

रामाजीनं कापूस दुसऱ्या जीनवर विकला, इतरांसारखा रांगेत उभा राहून. पहिल्या बंडीचा मान पुन्हा ठरावीक घरांत गेला. नवं धोतर भागीरथानं घडी घालून ठेवून दिलं.

बाप लेकीशी बोलेना. ती रविवारी यायची, तो वावरात निघून जायचा. एकदा तेवढा पाऊस होता म्हणून घरात अडकला. भागीरथा चुलीपाशी भाकरी करत होती, रामाजी जेवायला बसला होता. तिला तो अबोला आता असह्य झाला होता. ती म्हणाली, "पोरीचं बी आयका ना. जीव वाचला तुमचा तिच्यापायी."

रामाजीनं लेकीकडं न बघता उत्तर दिलं.

"जीवाचं काय व, तो तं रोजच हाय. मान एक डाव आलता. तो बी जळक्या शेडखाली."

जागृतीनं आजवर कुणाचंही बोलणं अंगावर ठेवून घेतलं नव्हतं, हे मात्र ठेवून घेतलं. तिनं उठून बापाच्या ताटात भाकर वाढली. त्यानं ती खाल्ली.